कोण म्हणे?

म्हाळाची जेवणं उरकली होती. कावळ्यानं दरवर्षीप्रमाणे ताटकळत ठेवलं, मग एकदाचा घास उचलला, आणि आम्ही सात-आठ जण सोप्यात भिंतीला टेकून सुपारी कातरत बसलो. समोर अण्णांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. अशा वेळी बोलणं फिरून फिरून ज्याच्या नावानं पान वाढलं त्याच्यावरच येतं. मी सहज म्हणून गेलो, "मला अजून आठवतंय, भूकंपात पाळणा आपोआप हलत होता, आणि अण्णांनी मला उचलून अंगणात आणलं."

आत्याचा अडकित्ता थांबला.

"किती महिन्यांचा होतास तू?"

"तीन."

"मग 'आठवतंय' काय म्हणतोस? 'म्हणे' म्हण. पाळणा हलत होता म्हणे."

आत्यानं पस्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. "बाई, उद्या सुट्टी आहे म्हणे" असं कुणी पोरगं म्हणालं की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कोण म्हणे?" हा प्रश्न तालुक्यात तिच्या नावापेक्षा प्रसिद्ध होता. तिच्याहून उंच झालेली, नोकरीला लागलेली पोरंही बाजारात तिला पाहून एकमेकांना कोपरानं ढोसत कुजबुजतात, कोण म्हणे.

"आणि अण्णानं उचललं, हे तुला कोणी सांगितलं?"

"आईनं."

"वहिनी त्या वेळी गोठ्यात होती. धारेला उठली होती. तुला मी उचललं. तुझ्या बापानं रेडिओ उचलला."

सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

11 डिसेंबर 1967. पहाटेचे चार वाजून वीस मिनिटं. कोयनानगर जवळजवळ भुईसपाट झालं, सुमारे 180 माणसं गेली, आणि पार मुंबई-पुण्यातली माणसं थंडीत रस्त्यावर आली. आमचं गाव पाटणच्या अलीकडं, नदीकाठाला. दगडमातीच्या भिंती, वर कौलं. मागच्या पडवीची भिंत बसली, दोन शेरडं गेली, माणूस एकही नाही. एवढं सगळ्यांना मान्य आहे. वाद आहे तो पाळण्यापुरता.

माझ्या डोळ्यांपुढचं चित्र मात्र अगदी स्पष्ट आहे. आढ्याला अडकवलेली कडी करकरते. कंदील झोके घेतो, भिंतीवर सावल्या पळतात. मग कुणीतरी वाकळेसकट उचलतं आणि कपाळाला एकदम गार हवा लागते. यातलं काहीही माझं असू शकत नाही. हे चित्र आईनं शंभरदा सांगितलं त्यातून जमलेलं. लहानपणी शाळेत सांगताना मीही शेवटी 'म्हणे' लावत असणार, कारण तेव्हा मला ते ऐकलेलंच होतं. पुढं कधीतरी 'म्हणे' गळून पडलं. पालीची शेपटी तुटते तसं, आणि पाल आपली धावतच राहिली.

वयाचा तर आणखी घोळ आहे. मी भाद्रपदातला. पण गुरुजींनी दाखल्यावर 1 जून 1967 लावून टाकलं. आमच्या वर्गात 1 जूनला जन्मलेली अकरा मुलं होती. त्यामुळे सरकारच्या लेखी भूकंपाच्या वेळी मी सहा महिन्यांचा होतो आणि त्याच हिशोबानं यंदा 31 मे रोजी अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झालो. खरं तर माझे तीनेक महिने शिल्लक होते. कागद म्हणतो ते खरं की आत्या म्हणते ते, या वादात माझा तीन महिन्यांचा पगार अडकलेला आहे, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चुलतभाऊ साताऱ्यात वकिली करतो. तो सुपारी चघळत म्हणाला, "कोर्टात तुमचं 'म्हणे' चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 60. तोंडी पुरावा थेटच पाहिजे. पाहिलं असेल तर पाहणाऱ्यानं सांगायचं, ऐकलं असेल तर ऐकणाऱ्यानं." नवा कायदा 1 जुलै 2024 पासून आला, तरी हे तत्त्व तसंच आहे, असंही तो म्हणाला. मग आत्या खूश झालीय असं दिसताच त्यानं वकिली पलटी मारली. "पण जन्म आणि नातं यांच्याबाबत सवलत आहे. माणूस मेला असेल तर त्याचं म्हणणं चालतं. जुन्या कायद्यात उदाहरणच दिलंय, बापानं मित्राला पत्र लिहून मुलगा झाल्याचं कळवलं असेल, तर बाप वारल्यावर ते पत्र जन्मतारखेसाठी ग्राह्य."

"पत्र कुठाय?" आत्या.

पत्र नव्हतं. अण्णा पत्रं लिहिणारा माणूस नव्हता आणि बोलणाराही नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी मला ही गोष्ट एकदाही सांगितली नाही. हे मला त्या दुपारी पहिल्यांदा जाणवलं.

त्या रात्री गावाकडं झोप लागली नाही. 'म्हणे' हा शब्द डोक्यात फिरत राहिला.

किती साधा शब्द. दोन अक्षरं. पण तो वाक्याच्या शेवटी लागला की वाक्याची सगळी जबाबदारी बदलते. "पाटील आजारी आहेत" म्हटलं की मी पाटलांना पाहून आलोय. "पाटील आजारी आहेत म्हणे" म्हटलं की मी फक्त वाटेतला माणूस आहे. गंमत अशी की हे मुळात साधं क्रियापद. जुन्या मराठीत 'म्हणे' म्हणजे 'म्हणतो', 'म्हणते'. बोलणारा असायचा, त्याचं नाव असायचं. मग कधीतरी नाव पुसलं गेलं आणि नुसतं क्रियापद उरलं. कर्ता नाही, लिंग नाही, वचन नाही. कोणीतरी म्हणे. आत्याचा प्रश्न व्याकरणाच्या अंगानंही बरोबर होता, ती हरवलेला कर्ता शोधत होती.

आणि तोच शब्द, तोच, अभंगाच्या शेवटी येतो तेव्हा काय होतं बघा. तुका म्हणे. नामा म्हणे. म्हणे नामयाची जनी. तिथं कर्ता ठणठणीत उभा आहे. जे बोललो ते मी बोललो, ज्याला भांडायचं त्यानं माझ्या दारात यावं. तुकोबांच्या दारात माणसं आलीही. नावानिशी 'म्हणे' म्हणायची किंमत असते, आणि किंमत आहे म्हणून चोरीही होते. सालोमालो नावाचा माणूस तुकोबांच्या अभंगातलं नाव काढून आपलं घालायचा. उलटा धंदाही चालला, आपली रचना करायची आणि शेवटी 'तुका म्हणे' चिकटवायचं. आज कुठल्याही बऱ्यावाईट विनोदाखाली पु. ल. देशपांड्यांचं नाव येतं, तोच प्रकार. निनावी 'म्हणे' बिचारं निदान खोटं नाव तरी सांगत नाही.

आमच्या भागाला कर्नाटक जवळ. तिथंही हाच शेपटीचा शब्द आहे. कन्नडमध्ये वाक्याच्या शेवटी 'अंते' लागतं, तेही 'म्हणणे' या अर्थाच्याच क्रियापदातून आलेलं. माझा एक बंगळुरूचा सहकारी इंग्रजी बोलतानाही प्रत्येक बातमीच्या शेवटी 'इट सीम्स' लावायचा. "मॅनेजर रिझाईन्ड, इट सीम्स." मुंबईची माणसं त्याला हसायची, त्याला कशाचीच खात्री नाही म्हणायची. मला मात्र तो घरचा वाटायचा. तो इंग्रजीत 'म्हणे' म्हणत होता, दुसरं काय. ॲमेझॉनच्या खोऱ्यात तुयुका नावाची भाषा आहे, तिच्यात तर क्रियापदालाच प्रत्यय लागतो. डोळ्यांनी पाहिलं, दुसऱ्या इंद्रियानं जाणवलं, खुणांवरून ताडलं, दुसऱ्याकडून ऐकलं, नुसतं गृहीत धरलं, असे पाच प्रकार. आणि यातला एक न सांगता वाक्य पुरंच होत नाही. आत्या तिथं जन्मली असती तर तिला पस्तीस वर्षं घसा कोरडा करावा लागला नसता.

मराठीत सक्ती नाही. 'म्हणे' लावायचं की नाही हे बोलणाऱ्याच्या मर्जीवर. तिथंच खरी गोम आहे. भाषेनं सोय दिली, नीती आपल्यावर सोडली.

एक मजा मात्र आहे. "आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता." इथं कुणी 'म्हणे' लावत नाही. जे सपशेल रचलेलं आहे ते आपण छातीठोक सांगतो. बहुधा ऐकणाऱ्याला ठाऊक असतं म्हणून. 'म्हणे' लागतं ते खरं-खोट्याच्या अधल्यामधल्या जागेत, आवई, वावडी, भुमका, कंडी, हूल यांच्या प्रांतात. एका 'ऐकीव'साठी आपल्याकडं किती शब्द आहेत! आणि हाच शब्द उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवला की थेट टिंगल होते. "म्हणे मला वेळ नाही!" आमची आई हे वाक्य अण्णांबद्दल आठवड्यातून दोनदा म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला मी आत्याला गाठलं. म्हटलं, "तू नेहमी 'कोण म्हणे' विचारतेस. पण जगातलं किती माणूस स्वतः बघू शकतो? माझा जन्म, माझे आईबाप, पृथ्वी गोल आहे, पानिपत झालं, सगळं 'म्हणे'च की."

"मग मी कुठं म्हणते ऐकू नको म्हणून? कोणाचं ऐकतोस ते सांग एवढंच म्हणते."

हे अगदी न्यायशास्त्रातलं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातलं, बोलली. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष ठेवलं आणि बाकीची मोडीत काढली. नैयायिक तेवढे कडक नव्हते. दुसऱ्याच्या बोलण्यातूनही ज्ञान होतं हे त्यांनी मान्य केलं, पण अट घातली. "आप्तोपदेशः शब्दः." बोलणारा आप्त हवा. आप्त म्हणजे कोण? वात्स्यायन त्या सूत्रांवरच्या भाष्यात सांगतो, ज्यानं ती गोष्ट नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. आणि पुढं म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. जात-कूळ बघायचं नाही, माहिती आणि दानत बघायची.

आता या शब्दाचं मराठीत काय झालं ते पाहा. आप्त म्हणजे नातेवाईक. आप्तेष्ट. विश्वास ठेवण्याजोगा माणूस हा अर्थ घसरत घसरत घरच्या माणसावर येऊन थांबला. आज माझ्या फोनवर 'आप्तेष्ट परिवार' नावाचा एक ग्रुप आहे. एकशे बारा माणसं. कॅन्सरवर लिंबू, किडनीवर कोथिंबीर, नोटेत चिप, सगळं तिथूनच येतं. वात्स्यायनाची अट एकालाही लागू होत नाही, पण सगळे आप्त.

"पण आत्या," मी म्हटलं, "डोळ्यांनी पाहिलेलं तरी कुठं खरं असतं? गणपती आठवतो ना?"

ती हसली. तिला कळलं मी कुठं चाललोय.

21 सप्टेंबर 1995, गुरुवार. सकाळी शेजारीण सांगत आली, गणपती दूध पितोय म्हणे. दिल्लीपासून गावच्या देवळापर्यंत रांगा. आमची आत्या, 'कोण म्हणे'वाली, वाटी-चमचा घेऊन तरातरा गेली, कारण ती ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारी नव्हती. आणि अर्ध्या तासानं परत येऊन म्हणाली, "प्यायला. मी स्वतः पाहिलं." 'म्हणे' गेलं होतं. गेली तेव्हा बातमी अर्धवट होती, आली तेव्हा पक्की. नंतर शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं, चमचा तिरपा करून सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं; पांढऱ्या दगडावर पांढरं दूध दिसत नाही इतकंच. त्या दिवशी खरं बोलत होती ती शेजारीण, जिनं 'म्हणे' लावलं होतं. प्रत्यक्षदर्शी आत्या चुकली.

मला वाटलं आता ती निरुत्तर होईल. ती बशीतला चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "चमच्यातलं दूध गेलं, हे मी पाहिलं. गणपती प्यायला, हे मी पाहिलं नव्हतं. ते मी म्हटलं. चूक डोळ्यांची नव्हती रे, तोंडाची होती."

मी गप्प. निवृत्त शिक्षिकेशी वाद घालू नये.

"मग मला उचललं, ते? ते पाहिलंस की म्हटलंस?"

"ते हाताला कळलं. तुझं दुपटं ओलं होतं. थंडीत माझा झंपर भिजला होता आणि मी तुला शिव्या देत अंगणात उभी होते. पंधरा वर्षांची होते मी."

ओलं दुपटं आईच्या गोष्टीत कधीच नव्हतं. रचलेल्या गोष्टीत माणूस असला तपशील घालत नाही, असं वाटून माझं मन तिच्या बाजूला झुकलं. मग लगेच वाटलं, अट्टल रचणाराही नेमका हाच तपशील घालील.

रेडिओचं काय, हेही विचारलं. तो घरचा नव्हता, ग्रामपंचायतीचा होता. गावानं एकत्र ऐकायचा म्हणून आलेला, आणि अण्णा पंचायतीचे सेक्रेटरी, त्यामुळे रात्री आमच्या घरी असायचा. हे कळताच वकील चुलतभावानं अण्णांचं वकीलपत्र घेतलं. सार्वजनिक वस्तू, ताब्यात दिलेली, जबाबदार माणूस. मूल उचलायला घरात दुसरं माणूस होतं, रेडिओ उचलायला कुणी नव्हतं. माझी बायको म्हणाली, "असला हिशोब त्या दहा सेकंदांत कोण करतं?" तिचं म्हणणं असं की हाताला जे लागलं ते उचललं, त्यात नीती शोधू नका. यावर दोघांची चांगली जुंपली. माणूस विचार करून करतो ती कृती नैतिक, की विचार न करता जे करतो त्यातच त्याचं खरं कळतं? जेवणाची वेळ झाली म्हणून प्रश्न तसाच राहिला.

मी मात्र मनात आईवर अडकलो होतो. गोठ्यात होती तर तिनं पाहिलंच नव्हतं. मग आयुष्यभर 'म्हणे' न लावता, अण्णांनी तुला उचललं, असं का सांगत राहिली?

पानिपतावर सदाशिवराव भाऊ 14 जानेवारी 1761 ला गेले. देह ओळखल्याचं, अंत्यसंस्कार केल्याचं सांगणारे होते, तरी भाऊ जिवंत आहेत म्हणे, अशी भुमका वर्षानुवर्षं उठत राहिली. तिच्यावरच तर तोतया उभा राहिला. त्याला मानणारी, त्याच्यासाठी लढणारी माणसं निघाली, आणि 1776 मध्ये त्याला देहान्त शासन झालं. या सगळ्या गदारोळात भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. 1783 मध्ये त्या वारल्या तोवर, बावीस वर्षं. कोण म्हणे भाऊ गेले, कोण म्हणे आहेत, त्यांनी दोन्हीकडं कान केला नाही. आपण त्याला वेडी आशा म्हणतो. मला तो निर्णय वाटतो. पुरावा काय म्हणतो हे एक, आणि मी काय धरून जगणार हे दुसरं, आणि दुसऱ्यासाठी त्यांनी कुणाचं प्रमाण मागितलं नाही.

आईनंही असंच काही धरलं असेल. अबोल, घुम्या नवऱ्याबद्दल मुलाला सांगण्यासारखी एक गोष्ट. अण्णांनी मला जवळ घेतल्याचं मला एरवी फारसं आठवत नाही, पण पाळण्यातून उचलल्याची गोष्ट मी पोटाशी धरून मोठा झालो. खोटं बोलली असेल तर त्या खोट्यावर माझं बरंच काही उभं आहे. आणि दुसरंही शक्य आहे, की अण्णांनीच तिला तसं सांगितलं असेल. किंवा दोघांनीही काहीच न सांगता गावानंच ती गोष्ट बनवली असेल. कर्ता सापडत नाही.

पण म्हणून 'सगळी गोड खोटी माफ' असं मला म्हणवत नाही. राईनपाडा आठवतो.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. 1 जुलै 2018, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, सोलापूरकडून भिक्षा मागत आलेले. त्याआधी काही आठवडे फोनवर फिरत होतं, मुलं पळवणारी टोळी फिरतेय. जमावानं पाचही जणांना ठार मारलं. त्या फिरत्या मजकुरात 'म्हणे' नसायचं, हे मला आठवतंय, आणि हे खरंच आठवतंय, कारण ते आमच्या आप्तेष्टांतही आले होते. "सावध राहा, टोळी आली आहे." सरळ वर्तमानकाळ. मी ते पुढं पाठवले नाहीत. पण "कोण म्हणे?" असं विचारलंही नाही. एकशे बारा माणसांत उगाच वाईटपणा कशाला घ्या, असं वाटलं. दुसऱ्याच्या 'म्हणे'ला हटकणं ही आत्याची सवय तेव्हा मला म्हाताऱ्या मास्तरणीची खोड वाटायची.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं पुढं ढकललेल्या मजकुरावर 'फॉरवर्डेड' असा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी 'म्हणे'च शोधून काढावं लागलं. पण शिक्का यंत्र लावतं, त्यात पाठवणाऱ्याची लाज नसते. मग माणसांनी त्यावरही तोड काढली, "जसं आलं तसं पाठवतोय". हे 'म्हणे'चं सर्वांत वाईट रूप. मी पाहिलं नाही एवढं सांगून थांबत नाही. मी विचारही केला नाही, वर माझ्याकडं बोट दाखवू नका, असंही त्यात आलं. "त्यानं पैसे खाल्ले म्हणे" म्हणणाराही तेच करतो. चिखल उडवतो आणि हात धुतलेले दाखवतो. खऱ्या आणि चोरट्या 'म्हणे'त फरक कसा ओळखायचा, तर माझ्यापुरता आत्याचाच प्रश्न पुरतो. विचारल्यावर प्रामाणिक माणूस नाव सांगतो, निदान आठवायला तरी लागतो. चोरटा चिडतो.

उलटही होतं, तेही सांगितलं पाहिजे. भूकंपानंतर आमच्याकडची अडाणी माणसं म्हणत होती, धरणानं केलं हे. पाणी अडवलं म्हणून जमीन हलली म्हणे. शिकलेली माणसं हसायची. आज जलाशयामुळे चेतवलेल्या भूकंपाचं जगातलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून कोयनेचंच नाव घेतात. कराडला त्यासाठी संशोधन केंद्र आहे आणि गोठण्याला जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून दगड काय म्हणतो ते ऐकलं गेलं. गावाचं 'म्हणे' खरं निघालं. त्यांना ते कळलं होतं की नुसतं लागू पडलं, यावर मी आणि वकील अजून भांडतो. बरोबर निघालेला अंदाज म्हणजे ज्ञान नव्हे, असं तो म्हणतो. मी म्हणतो, ज्याच्या पायाखालची जमीन रोज थरथरत होती, त्याच्याकडं निदान अंदाजाहून थोडं जास्त होतं.

निवृत्तीनंतर काय करायचं म्हणून मी घरातल्या आठवणी एका वहीत लिहितोय. पाळण्याच्या पानावर अडलो होतो. मग महानुभावांची युक्ती आठवली. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या लीळा गोळा केल्या, त्या अशाच. ज्यानं पाहिलं त्याला गाठायचं, त्याच्या तोंडून ऐकायचं, नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचं. पुढं धामधुमीत मूळ पोथी गेली, शिष्यांनी पाठांतरातून पुन्हा लिहिली आणि आठवणी जुळेनात. तेव्हा त्यांनी एक खरी, एक खोटी असं केलं नाही. वेगळी आठवणही नोंदवून ठेवली आणि त्या पाठभेदाला नाव दिलं 'वासना'. कुणाच्या मनात ती गोष्ट कशी वसली, ती त्याची वासना. इतका नेमका शब्द मराठीनं नंतर भलत्याच कामाला लावला.

म्हणून मी पान मधोमध दुमडलं. डावीकडं लिहिलं: "आईची वासना. अण्णांनी उचललं. पाळणा आपोआप हलत होता." उजवीकडं: "आत्याची वासना. आत्यानं उचललं. दुपटं ओलं होतं. अण्णांनी पंचायतीचा रेडिओ उचलला." खाली अण्णांसाठी दोन ओळी कोऱ्या सोडल्या.

दिवाळीला गेलो तेव्हा वही आत्याला वाचायला दिली. रात्रभर तिच्या उशाशी होती. सकाळी परत दिली तेव्हा सगळीकडं लाल पेनाच्या खुणा. सतरा ऱ्हस्वदीर्घं सुधारलेली, दोन ठिकाणी 'वाक्यरचना!' असं समासात लिहिलेलं. पाळण्याच्या पानावर आईच्या बाजूला तिनं हात लावला नव्हता. आपल्या बाजूला, 'रेडिओ' या शब्दाच्या वर, अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'घड्याळ?'